मागून सुरू होणाऱ्या वह्या

आमचे दादा मराठी लिहायचे तेव्हा आधी वरची रेघ ओढायचे. अक्षरांच्या अगोदर रेघ, आणि तीही उजवीकडून डावीकडे. पाटीच्या उजव्या कडेला पेन्सिल टेकवायची, डाव्या कडेपर्यंत एका दमात आणायची, आणि मग दोरीवर धुणं वाळत घालावं तसं एकेक अक्षर त्या रेघेखाली लटकवत जायचं. अक्षरं मात्र डावीकडून. त्यामुळे व्हायचं काय, की वाक्य संपलं तरी रेघ उरायची, नाहीतर रेघ संपली तरी वाक्य उरायचं. उरलेल्या रेघेखाली दादा एखादं फूल काढून टाकत. मोकळी रेघ बरी दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझं वय तेव्हा नऊ आणि मी त्यांची मास्तरीण होते, त्यामुळे फुलाबद्दल काही बोलावं की नाही, याचा मला रोज सकाळी विचार करावा लागे.

दादा म्हणजे माझे वडील. आमचं गाव हसनाबादपासून दोन कोसांवर, आणि गावातल्या शाळेचे दादा मास्तर. त्यांचं स्वतःचं शिक्षण सगळं निजामाच्या राज्यात झालं. त्या वेळी आमच्या भागात शिकायचं म्हणजे उर्दूत शिकायचं. घरात, शेतात, बाजारात मराठी बोलायची आणि शाळेचा उंबरा ओलांडला की उर्दू. दादा पुढच्या शिक्षणाला भोकरदनला राहिले ते वहीद मास्तर नावाच्या शिक्षकांच्या खोलीत. माझ्या पणजीनं अट घातली होती, की पोराचं जेवण वेगळ्या भांड्यात शिजलं पाहिजे. वहीद मास्तरांनी वेगळं पातेलं आणलं, आणि दादा त्यांच्याच पातेल्यातली खिचडी खाऊन मोठे झाले. हे दादा सांगायचे तेव्हा माय नेहमी म्हणायची, "मंग ते दुसरं पातेलं काय झालं?" की दादा पाणी प्यायला उठायचे. उर्दूवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. अक्षर इतकं देखणं, की लोक लग्नाच्या चिठ्ठ्या लिहून घ्यायला दोन-दोन गावांवरून येत. पाढे उर्दूत, हिशेबाचे शब्द उर्दूत, बैलाला रागावणं आणि मारुतीला हात जोडणं मराठीत. आपल्यात काही दोन तुकडे आहेत असं त्यांना कधी वाटलं नसावं. ते राज्य गेलं, प्रांत बदलला, आणि एक दिवस कागद आला की यापुढे सगळं मराठीत शिकवायचं. त्या दिवसापासून ते तुकडे दिसायला लागले.

हे सगळं मी आत्ता का लिहायला बसले, तर माझ्या नातीमुळे. आम्ही हल्ली जालन्यात राहतो. नात सई कॉलेजात आहे आणि दिवसभर मोबाइलवर कोरियन मालिका बघते. बघते म्हणजे किती, तर तिकडची भाषा थोडी-थोडी बोलायला लागली आहे आणि मला अधूनमधून कसल्याशा नावानं हाक मारते. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा अर्थ आजी. एका दुपारी ती सांगत होती, की तिथे पस्तीस वर्षं जपानचं राज्य होतं, शाळेत पोरांना जपानीत शिकावं लागे, पुढे पुढे तर नावंसुद्धा जपानी घ्यायला लावली. आणि ते राज्य गेलं तेव्हा कितीतरी मास्तर असे होते, की ज्यांना आपल्याच भाषेची अक्षरं आधी स्वतः शिकावी लागली आणि मग वर्गात जाऊन पोरांना शिकवावी लागली. "आजी, विचार कर ना, स्वतःची भाषा," ती म्हणाली. मी म्हटलं, विचार कशाला करू, असा एक मास्तर मी शिकवलाय. तेव्हा तिनं मोबाइल खाली ठेवला. ही गोष्ट आमच्या घरात वर्षातून एखाद्या वेळी घडते, म्हणून मी संधी साधून सगळं सांगून टाकलं, आणि आता तिच्याच आग्रहावरून लिहितेय. कोरियातल्या माणसांनी काय सोसलं ते मला माहीत नाही, आणि आमच्याकडे कुणी कुणाची नावं बदलली नव्हती. बरोबरी करायची नाही. पण बोलता येणारी भाषा हातातून उतरत नाही तेव्हा माणूस कसा दिसतो, ते मी चुलीजवळ बसून पाहिलंय.

मला मराठी लिहिता येत होतं ते माझ्या आजोळामुळे. माय वऱ्हाडातली, चिखलीकडची. तिचं माहेर आमच्या घरापासून बैलगाडीनं दीड दिवसावर, पण तो मुलूख निजामाचा नव्हता आणि तिथे पहिल्यापासून मराठी शाळा. मला सहाव्या वर्षी मामाकडे ठेवलं होतं. तीन वर्षं तिथल्या शाळेत जाऊन मी तिसरी पास होऊन आले, ती नाकात नथ घातल्यासारखा तोरा घेऊनच. धाकटा भाऊ रघू तेव्हा नुकताच झाला होता, मायला हाताशी कुणी हवं होतं, म्हणून मला परत आणलं. परत येऊन बघते तर घरात सगळे गप्प-गप्प. दादांना वरून सांगण्यात आलं होतं, की उर्दूत शिकलेल्या मास्तरांचे वर्ग वर्षाअखेर तपासले जातील. पोरांना मराठी लिहिता-वाचता आलं नाही तर त्या मास्तराला शाळेतून काढून तालुक्याच्या कचेरीत चपराशी म्हणून घेतलं जाईल. नोकरीवरून काढणार नव्हते, चपराशी करणार होते. दादांना कामाची लाज नव्हती, शेतात ते गुडघाभर चिखलात उभे राहत. पण मास्तर हे त्यांचं नावच झालं होतं. आजोबासुद्धा त्यांना मास्तर म्हणत. घोंगडी पांघरून ओट्यावर बसलेल्या दादांना मी एकदा मायजवळ बोलताना ऐकलं, "तिथं घंटी वाजली की उठायचं. हितं मी घंटी वाजवतो." मायनं रघूला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

भोकरदनला मास्तरांसाठी मराठीचा वर्ग होता, पण तिकडे जायला शाळा बंद ठेवावी लागली असती आणि शाळेत दादा एकटेच. तरी कागदावर सगळ्या मास्तरांनी वर्ग केल्याचं लिहून दिलं, तसं दादांनीही दिलं. मग मामाकडची माझी पुस्तकं त्यांनी चाळली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून म्हणाले, "गोदे, चल. पाटी घे." मला वाटलं मला शिकवणार. चुलीजवळ गेले तर त्यांनी पाटी आपल्या मांडीवर घेतली होती आणि माझ्याकडे बघत बसले होते.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा हिवाळा. चुलीचा उजेड एका बाजूनं, दाराच्या फटीतून येणारा दिवस दुसऱ्या बाजूनं, आणि मधे आम्ही दोघं. माय काठवटीत भाकरी थापायची त्याची थपथप, रघूचं कुरकुरणं, गोठ्यात गायीनं मान हलवली की घुंगरू. येसर, म्हणजे आमटीचं मसाल्याचं पीठ, भाजायचं असेल त्या दिवशी धने आणि बाजरीचा असा वास सुटायचा, की दादा बाराखडी म्हणता-म्हणता थांबून विचारायचे, "झालं का गं?" येसराची आमटी त्यांना इतकी आवडायची, की आमटीचं नाव घेतल्याशिवाय त्यांच्याकडून जोडाक्षरं लिहून घेता यायची नाहीत. मी सांगायचे, ही ओळ पुरी करा मग मिळेल, आणि माय पदराआड हसायची. आता माझे गुडघे असे झालेत की जमिनीवर बसले तर उठवायला दोन माणसं लागतात. जालन्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात सगळं उभ्यानं आहे. पण अजून धने भाजले की माझी मांडी आपोआप घडी घालायला बघते.

दादा हुशार होते. वाचायला महिन्याभरात आलं. लिहायला मात्र हात ऐकायचा नाही. पन्नास वेळा सांगितलं की आधी अक्षर मग रेघ, पन्नास वेळा मान हलवायचे, आणि पेन्सिल जाऊन टेकायची ती पाटीच्या उजव्या टोकाला. आणि मी? मला सत्ता मिळाली होती. मामाच्या गावचे मास्तर पोरांच्या बोटांवर बाभळीची काडी मारायचे. मीही एक काडी आणली. आधी गंमत म्हणून टेकवायचे. दादाही हात मागे घेऊन खोटंखोटं विव्हळायचे. मग एका सकाळी शेजारचे भीमराव काका विस्तव मागायला आले होते. दादांची वेलांटी चुकली. मी काकांच्या देखत काडी मारली, चांगली सणसणीत, आणि म्हटलं, "पहिलीतल्या पोरालाबी येतं हे." भीमराव काका हसले. दादाही हसले. विस्तव घेऊन काका गेले, आणि दादांनी पाटी फडक्यानं पुसली, भिंतीला टेकवली आणि बैलांकडे निघून गेले.

तीन दिवस ते चुलीजवळ आले नाहीत. माझ्याशी बोलत होते, डोक्यावरून हात फिरवत होते, पण पाटी भिंतीलाच. तिसऱ्या दिवशी मायनं मला परड्यात गाठलं. हातात शेणाची टोपली होती तिच्या. ती ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "गोदे, त्यो तुझा बाप हाय. शिकून राह्यला म्हणून ल्हान झाला न्हाई." मी काडी चुलीत घातली. चौथ्या दिवशी पहाटे मी दादांच्या आधी उठून पाटी मांडीवर घेऊन बसले, आणि ते आले. त्यानंतर मी त्यांना टोचणं सोडलं. मोठ्या चुका सांगायच्या, बारीक सोडून द्यायच्या, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कुठली मोठी आणि कुठली बारीक, हे ठरवणारी मीच. नऊ वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल असती तर काय हवं होतं.

वह्यांची गोष्ट मी बारीक समजले. शाळेत सव्वीस पोरं होतो. विकतची वही कुणाला परवडायची नाही, म्हणून दादा हसनाबादच्या बाजारातून कागदाचे ताव आणत, कापत, दुमडत आणि पोत्याच्या सुईनं शिवून एकेकाला वही करून देत. वर जाड खाकी कागद. नाव आतल्या पानावर. वही शिवली, की शिवण उजव्या हाताला धरायची, खाकी कागद डावीकडून उजवीकडे उलटायचा आणि पोराला म्हणायचं, "हितून सुरू कर." उर्दूची वही तशीच उघडते. छापील मराठी पुस्तक दादा बरोबर उघडत, कारण त्याला पानांचे आकडे असतात. कोऱ्या वहीला आकडे नसतात, तिथे हात आपल्या सवयीनं जाणार. मी मामाकडून आलेली, मला पहिल्याच दिवशी दिसलं की सगळी पोरं वही मागून सुरू करताहेत. मी माझी वही गुपचूप मामाच्या गावच्या रीतीनं लिहायला लागले. दादांनी ते एकदा बघितलं आणि वऱ्हाडची रीत असेल म्हणून सोडून दिलं. सांगावं असं मनात आलं. पण भिंतीला टेकवलेली पाटी आठवली. आणि खरं सांगायचं तर बिघडत काय होतं? पानावर अक्षरं डावीकडूनच होती. पोरं शिकत होती. दादा वर्गात जे शिकवायचे ते पहाटे माझ्याकडून पक्कं केलेलं असायचं, आणि बाकीची पंचवीस पोरं ते तसंच्या तसं उचलायची. रेघेसकट.

तपासणीचे साहेब आले ते आंब्याला मोहर गळून कैऱ्या धरल्यावर. त्यांना सगळे डिप्टी साहेब म्हणत. पुण्याकडचे होते, टोपी पांढरीशुभ्र, आणि हसनाबादवरून सायकलवर आल्यामुळे धोतराला खाली तांबडी धूळ. मायनं पहाटेपासून धपाट्यांचं पीठ मळून ठेवलं होतं. साहेब मास्तराच्या घरी जेवणार हे ठरलेलं. दादांनी आदल्या दिवशी फळा कोळशानं घोटला होता आणि सव्वीस वह्या टेबलावर रचून ठेवल्या होत्या. ते एकच टेबल शाळेत होतं आणि तेही एका बाजूला विटेवर उभं. साहेबांनी पोरांना नावं विचारली, एक कविता म्हणून घेतली, सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांनी वरची वही उचलली. शिवण डाव्या हाताला घेतली, खाकी कागद उलटला. पहिलं पान कोरं. दुसरं, तिसरं, दहावं कोरं. ती वही खाली ठेवून दुसरी घेतली. तीही कोरी. तिसरी. मला पुढच्या रांगेतून सगळं दिसत होतं, आणि त्या खोलीत काय चाललंय ते फक्त मलाच कळलं होतं. दादांना कळलं नव्हतं. ते साहेबांच्या मागे उभे होते, वह्या कोऱ्या कशा झाल्या याचा विचार करत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते मी पुन्हा कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहू नये.

साहेब वळले. "गुरुजी, वर्षभर मुलांनी काय केलं?"

दादांना इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडून उर्दू आली. "सब पढाया है, हुजूर." साहेब म्हणाले, मराठीत सांगा. आणि दादांना मराठी सापडेना. तोंड उघडं, हात पुढे, शब्द नाही. ज्या माणसानं बैलांना, लेकरांना, देवाला आयुष्यभर मराठीत हाक मारली, तो मराठीत एक वाक्य बोलू शकत नव्हता. साहेबांनी आणखी वह्या काढल्या, आणि मधूनच एक भरलेली निघाली. पहिल्या पानापासून, स्वच्छ, शुद्ध. "ही कोणाची?" मागून कुणीतरी म्हणालं, गोदीची. "गोदी कोण?" बाळू म्हणून एक पोरगा होता, तो उत्साहानं म्हणाला, मास्तरची. साहेबांनी वही मिटली. आवाज चढवला नाही त्यांनी. "म्हणजे घरच्या मुलीला शिकवायचं आणि गावच्या मुलांना कोऱ्या वह्या द्यायच्या. गुरुजी, जेवणाचं राहू द्या. मी निघतो."

दादांची मान खाली गेली. आज मी कितीही शहाणपणानं लिहिलं, की मी तेव्हा असा विचार केला आणि तसा विचार केला, तर ते खोटं होईल. वही उलटी केली तर मास्तराला वही कुठून सुरू होते हे माहीत नाही असं साहेबांना कळेल, आणि नाही केली तर त्यानं शिकवलंच नाही असं वाटेल, हे दोन्ही मला नंतर सुचलं. त्या वेळी मला फक्त ती खाली गेलेली मान बघवेना. मी उठले, टेबलापाशी गेले, बाळूचीच वही उचलली आणि शिवण उजवीकडे करून साहेबांसमोर धरली. "साहेब, वही हिकडून हाय."

साहेबांनी पान उलटलं. पुढचं उलटलं. पानं भरलेली होती, ओळीखाली ओळ. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि एकेक करून पंचवीसच्या पंचवीस वह्या उलट्या करून पाहिल्या. मग त्यांनी बनीला, वर्गातल्या सगळ्यात लहान पोरीला, फळ्यावर आपल्या गावाबद्दल एक वाक्य लिहायला सांगितलं. बनी टाचा उंच करून उभी राहिली, फळ्याच्या उजव्या कडेला खडू टेकवला आणि रेघ डावीकडे ओढत नेली. साहेबांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या पोराला बोलावलं, त्यानंही तेच. तिसऱ्यानंही. सगळ्यांची वाक्यं बरोबर, सगळ्यांची रेघ उजवीकडून आणि सगळ्यांच्या आधी. आम्हाला पोरांना त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही. आमच्या गावात मराठी तशीच लिहीत. साहेबांनी खडू दादांकडे दिला. दादांनी रेघ ओढली, तिच्याखाली लिहिलं, "आमच्या गावात मराठी शाळा आहे." रेघ वीतभर उरली. खडू सवयीनं फुलाकडे वळला, आणि एक पाकळी काढून दादांना भान आलं, ते थांबले.

"गुरुजी," साहेब म्हणाले, "तुमच्या कागदावर भोकरदनचा वर्ग केल्याचं लिहिलंय. हे तिथे शिकवतात?"

एक 'हो' म्हटलं असतं तर चुकीचं खापर त्या वर्गावर फुटून दादा मोकळे झाले असते. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा. दादांनी खडू खाली ठेवला. हात धोतराला पुसले. आता त्यांना मराठी सापडली.

"न्हाई साहेब. वर्ग केला न्हाई मी. मला हिनं शिकवलं, माझ्या पोरीनं, रोज सकाळी चुलीम्होरं. जे बराबर हाय ते हिचं. जे उलटं झालंय ते माझं."

साहेबांनी मला विचारलं की तू कितवीत आहेस. मी म्हटलं चौथीत. त्यांनी शेऱ्याचं पुस्तक मागवलं, उभ्या-उभ्याच लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, की मुलांना मराठी उत्तम येते, वह्या व रेघ सरळ कराव्यात, दोन महिन्यांनी पुन्हा पाहीन. भोकरदनच्या वर्गाबद्दल त्यांनी काहीही लिहिलं नाही. टोपी नीट केली आणि म्हणाले, "जेवणाचं काय म्हणत होता?" मायला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. साहेब उशिरा आले म्हणून ती मनातून चिडली होती. त्यांनी पाच धपाटे खाल्ले आणि दह्याचं गाडगं रिकामं केलं, तेव्हा तिचा राग गेला. दादा पुढे त्याच शाळेत निवृत्त होईपर्यंत मास्तर राहिले. मीही मास्तरीण झाले आणि एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. काडी कधी हातात घेतली नाही, एवढं माझ्या बाजूनं सांगते.

साहेबांची सायकल वळणावरून दिसेनाशी झाली तरी दादा शाळेच्या ओट्यावर उभे होते. पोरं घरी पळाली होती. मी खांबाला टेकून उभी होते. आता ते मला जवळ घेतील, असं मला वाटत होतं. दादांनी विचारलं, "वह्या उलट्या हायत हे तुला ठाव व्हतं?"

मी मान हलवली. कधीपासून, तर पहिल्या दिवसापासून.

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही पुन्हा पाटी ठेवून द्याल म्हणून."

दादा खाली बसले. पायऱ्यांवर ऊन उतरत होतं, त्यात त्यांचे पाय होते आणि ते पायांकडे बघत होते. मला रडू यायला लागलं, कारण मला समजलं की आज जे झालं त्यात माझाही वाटा होता, आणि तो प्रेमातून आलेला होता, त्यामुळे त्याची माफी कशी मागायची ते कळत नव्हतं. दादा उठले, वर्गात गेले आणि एक पाटी घेऊन आले. माझ्या समोर येऊन मांडी घातली, विद्यार्थी घालतो तशी, पाठ ताठ. पेन्सिल हातात घेतली.

"आता सांग. आनखी काय काय सोडलंस?"

खूप सोडलं होतं. मी डोळे पुसले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, भीत-भीत, पहिली चूक सांगितली. दादांनी ती लिहून घेतली, एकदा वाचली आणि वर न बघता म्हणाले, "फुडची."